परागज्वर : आराम हवा असेल तर उपचार वेळेआधी सुरू व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परागज्वर, ज्याला बहुतेक जण 'हे फीवर' या नावाने ओळखतात, तो सहसा जिवावर बेतत नाही आणि कदाचित म्हणूनच तो कुणी फारसा मनावर घेत नाही. सलग शिंका, नाकातून वाहणारे पाणी, चोंदलेल्या नाकामुळे तोंडाने घ्यावा लागणारा श्वास, डोळ्यांची आग आणि टाळूला सुटणारी खाज हे सगळे आठवड्यांमागून आठवडे सोसणाऱ्या माणसाला 'एवढ्या सर्दीचे काय ते' असे ऐकावे लागते, आणि मग तोही हाताशी असेल ती गोळी घेऊन दिवस ढकलत राहतो. मी स्वतः अनेक वर्षांपासून या व्याधीची रुग्ण आहे आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांशी या विषयावर बोलले आहे. या व्याधीवर चांगले उपाय उपलब्ध आहेत, पण ते उशिरा, चुकीच्या क्रमाने आणि चुकीच्या पद्धतीने वापरले जातात, त्यामुळे मिळायला हवा तेवढा आराम मिळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. ते मांडण्यासाठी आपल्या दैनिकात थोडी जागा मिळावी, ही विनंती.

नाकात नेमके काय घडते हे लक्षात आले की उपचारांचा क्रमही लक्षात येतो. वाऱ्यावर पसरणारे गवतांचे, तणांचे आणि काही झाडांचे परागकण नाकाच्या ओलसर अस्तरावर बसतात आणि त्यांतील प्रथिने तिथे विरघळतात. ज्यांच्या शरीरात या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार झालेली असतात, त्यांच्या अस्तरातील मास्ट नावाच्या पेशी काही मिनिटांतच हिस्टामिन हे रसायन बाहेर सोडतात. शिंका, खाज आणि पाणी वाहणे हा मुख्यतः त्याचा परिणाम. मात्र त्यानंतर काही तासांनी दाहाचा दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात इतर पेशी अस्तरात जमा होतात, अस्तर सुजते आणि नाक चोंदते. रोज असाच मारा होत राहिला की अस्तर इतके हळवे होते की, हंगामाच्या सुरुवातीला ज्या मात्रेने काहीच झाले नसते तेवढे मोजके परागकणही पुढे शिंकांची सरबत्ती सुरू करायला पुरतात. रंगीत, सुवासिक फुलांना मात्र लोक उगाच दोष देतात. त्यांचे पराग जड आणि चिकट असल्यामुळे ते कीटकांच्या अंगाला लागून जातात, हवेत फार दूर पसरत नाहीत. त्रास देणारी फुले बहुधा नजरेतही न भरणारी असतात.

अॅन्टिहिस्टामिनची गोळी हिस्टामिनला अडवते, म्हणून ती शिंका, खाज आणि डोळ्यांतले पाणी यांवर चांगली लागू पडते. पण सुजलेल्या अस्तरापुढे तिचे फारसे चालत नाही. ती सूज उतरवण्याचे काम नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे करतो. फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड ही त्यांतली परिचित औषधे आहेत. ज्यांचे नाक वारंवार चोंदते किंवा ज्यांचा त्रास रोजचा आहे, त्यांच्यासाठी जगभरातील तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या स्प्रेला अग्रस्थान आहे. असे असताना आपण गोळीवर सगळी भिस्त ठेवतो आणि स्प्रे एक-दोन दिवस वापरून 'काही उपयोग नाही' म्हणत बाजूला सारतो. या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. ते रोज, ठरलेल्या मात्रेत, बरे वाटत असतानाही वापरायचे असते. ज्यांचा त्रास दरवर्षी ठरावीक काळातच उद्भवतो, त्यांनी त्या काळाच्या साधारण दोन आठवडे आधी स्प्रे सुरू करावा असा सल्ला दिला जातो, तो याच कारणासाठी : अस्तर हळवे होण्याआधीच औषध तिथे पोहोचलेले असावे.

स्प्रे मारण्याची रीत हा तर अगदीच दुर्लक्षित विषय आहे. बहुतेक जण डोके मागे टाकतात, नळीचे टोक सरळ मधल्या पडद्याकडे रोखतात आणि फवारा मारताच जोरात श्वास ओढतात. त्यामुळे औषध घशात उतरते, चव कडवट लागते आणि एकाच जागी सतत फवारा बसून पडद्याला इजा होते, कधी घोळणाही फुटतो. खरी रीत अशी की आधी नाक हलकेच शिंकरून मोकळे करावे, बाटली हलवावी, डोके किंचित पुढे झुकवावे आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने व डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने फवारा मारावा, म्हणजे टोक आपोआप पडद्यापासून दूर, कानाच्या दिशेने वळते. श्वास त्या वेळी हळुवारच घ्यायचा. हे दाखवायला दोन मिनिटेही लागत नाहीत. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी किंवा ते हाती देणाऱ्या औषधविक्रेत्याने ही दोन मिनिटे रुग्णाला अवश्य द्यावीत, असे मला मनापासून वाटते, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांचा आराम त्यांवर अवलंबून असतो.

'स्टेरॉइड' या शब्दाची भीतीही अनेकांना स्प्रेपासून दूर ठेवते. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन यांचा नाकातून रक्तात जाणारा अंश अत्यल्प असतो, आणि नेहमीच्या मात्रेत आढळणारे दुष्परिणाम बहुतांशी नाकापुरते, म्हणजे कोरडेपणा, चुरचुर किंवा किंचित रक्त येणे एवढेच असतात. लहान मुलांना तो दीर्घकाळ द्यायचा असेल तर डॉक्टर कमीत कमी मात्रा ठरवतात आणि उंचीची वाढ पाहत राहतात. ही काळजी योग्यच आहे. विचित्र गोष्ट अशी की स्प्रेला घाबरणारे काही जण हंगामाच्या सुरुवातीला स्टेरॉइडचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन मात्र आनंदाने घेतात. त्यातील औषध सगळ्या शरीरात फिरते, एकदा टोचल्यावर परत काढता येत नाही, आणि रक्तातील साखर, हाडे व शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. परागज्वरासाठी ते सरसकट घेऊ नये, असेच तज्ज्ञ सांगतात.

गोळ्यांमध्येही निवड महत्त्वाची आहे. क्लोरफेनिरामिन आणि डायफेनहायड्रामिन ही जुन्या पिढीतील औषधे मेंदूत शिरतात आणि गुंगी आणतात. गुंगी जाणवली नाही तरी लक्ष आणि प्रतिसादाचा वेग मंदावलेला असू शकतो, आणि वाहन चालवणाऱ्याच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. सेटिरिझिन, लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन ही नंतरच्या पिढीतील औषधे या दृष्टीने बरीच सुरक्षित आहेत. त्यांतही सेटिरिझिनने काहींना झोप येते, फेक्सोफेनाडिनने ती सहसा येत नाही. हा फरक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने किती मोलाचा आहे, ते ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसते. तिथल्या शालेय विद्यार्थ्यांपैकी परीक्षेच्या काळात परागज्वराची लक्षणे असलेल्यांची श्रेणी सराव परीक्षेच्या तुलनेत अंतिम परीक्षेत घसरण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत ती सुमारे ७० टक्क्यांनी अधिक होती. मूल वर्षभर मन लावून अभ्यास करते आणि ऐन परीक्षेत त्याचे नाक आणि गोळी त्याच्या आड येतात, यावर पालकांनी आणि शिक्षकांनी गांभीर्याने विचार करायला हवा.

आता चोंदलेले नाक झटपट उघडणाऱ्या थेंबांविषयी. ऑक्सिमेटाझोलिन आणि झायलोमेटाझोलिन हे थेंब काही मिनिटांत नाक मोकळे करतात, म्हणून त्यांचा मोह आवरत नाही. पण ते तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरले की परिणाम ओसरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते, मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणे, आणि शेवटी मूळ व्याधी बाजूला राहून थेंबांचीच व्याधी जडते. महिनोन्महिने थेंबांची बाटली उशाशी ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. या थेंबांवर मोठ्या अक्षरांत तशी सूचना असायला हवी, असे मला वाटते. प्रतिजैविकांचा तर परागज्वराशी काडीचाही संबंध नाही. ताप नसणे, पाणी पातळच राहणे, डोळ्यांना खाज सुटणे आणि त्रास आठवड्या-दहा दिवसांत न ओसरता हवेतील परागांबरोबर कमी-जास्त होणे या खुणा साध्या सर्दीत सहसा एकत्र आढळत नाहीत. शंका उरलीच तर त्वचेवरची किंवा रक्ताची चाचणी करता येते, मात्र तिचा निकाल लक्षणांशी जुळवून पाहावा लागतो.

डोळ्यांसाठी ओलोपाटाडिन किंवा केटोटिफेनचे थेंब गुणकारी आहेत आणि गार पाण्याची पट्टीही बरीच खाज शमवते. डोळे चोळल्याने मास्ट पेशींतून आणखी हिस्टामिन सुटते, म्हणून कितीही इच्छा झाली तरी चोळू नयेत.

औषधांच्या बरोबरीने परागकणांशी येणारा संपर्क कमी करणे हा उपाय साधा असला तरी निरर्थक नाही. हवेत परागकण जास्त असतील त्या वेळी खिडक्या बंद ठेवणे, बाहेर जाताना मास्क व डोळ्यांच्या बाजू झाकणारा चष्मा वापरणे, घरी आल्यावर कपडे बदलून केस धुणे आणि कपडे उघड्यावर न वाळवणे, एवढ्यानेही रात्रीची झोप सुधारते. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास अस्तरावर बसलेले परागकण आणि स्राव निघून जातात; मुले आणि मोठे दोघांनाही त्याचा उपयोग होतो. इथे एक सूचना जिवाच्या मोलाची आहे : पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) किंवा उकळून गार केलेलेच हवे. नळाच्या न उकळलेल्या पाण्याने नाक धुतल्यामुळे नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा मेंदूपर्यंत पोहोचून मृत्यू ओढवल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. मध खाऊन परागज्वर जातो या समजाला मात्र भक्कम पुरावा नाही. मधातले पराग मुख्यतः ज्यांचे पराग कीटकांमार्फत जातात अशा फुलांचे असतात, आणि त्रास देतात ते वाऱ्यावरचे.

एवढे करूनही ज्यांना आराम पडत नाही, त्यांच्यासाठी अॅलर्जीची प्रतिकारशक्ती बदलणारा उपचार आहे. १८१९ साली जॉन बोस्टॉक या इंग्लिश डॉक्टरांनी स्वतःच्याच आजाराचे वर्णन करून परागज्वराची वैद्यकीय नोंद प्रथम केली. १८७३ साली चार्ल्स ब्लॅकली यांनी प्रयोगांनी त्याचे मूळ परागकणांत असल्याचे दाखवले. आणि १९११ साली लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क वाढत्या मात्रेत टोचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. इम्युनोथेरपी या नावाने ओळखला जाणारा आजचा हा उपचार त्याच वाटेने पुढे आला आहे. ही थेरपी इंजेक्शनने किंवा जिभेखाली ठेवायच्या गोळीने देतात, साधारण तीन वर्षे चालते, आणि पूर्ण केल्यास तिचा लाभ पुढेही काही वर्षे टिकतो. इंजेक्शननंतर तीव्र प्रतिक्रिया येण्याची थोडी शक्यता असल्यामुळे किमान अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते. ती चिकाटीने घ्यायची गोष्ट आहे, आणि ऐन हंगामात घाईने नव्हे, तर त्याआधीच त्याबद्दल तज्ज्ञांशी बोलावे.

ज्यांना परागज्वराबरोबर दमाही आहे, त्यांच्या बाबतीत हयगय करणे धोक्याचे आहे. नाक आणि फुप्फुसे हा एकच श्वसनमार्ग आहे. नाकाचा दाह आटोक्यात नसेल तर दमा आटोक्यात ठेवणेही अवघड जाते. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे वादळी पावसाच्या वेळी गवताचे परागकण ओलाव्याने फुटून त्यांचे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर गेले, हजारो लोकांना श्वास घेता येईना आणि दहा जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी त्रास झालेल्या अनेकांना आधी फक्त परागज्वर होता, दम्याचे निदान झालेले नव्हते. छातीत घरघर किंवा आवळल्यासारखे वाटत असेल, तर ते नुसते नाकाचे दुखणे समजून अंगावर काढू नये.

या सगळ्यात वृत्तपत्रांना करता येण्यासारखे एक काम आहे. हवेतील परागकण मोजण्याचे तंत्र नवे नाही. १९५२ साली हर्स्ट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ठरावीक दराने हवा ओढून कण चिकट पृष्ठभागावर टिपणारे यंत्र वर्णिले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजून एका घनमीटर हवेत किती परागकण आहेत हे सांगण्याची तीच पद्धत आजही वापरात आहे. ब्रिटनमध्ये गवताच्या परागकणांची संख्या ५० वर गेली की पातळी 'जास्त' असल्याचे जाहीर केले जाते. असे आकडे उपलब्ध असतील तिथे ते तापमान आणि पावसाच्या अंदाजाशेजारी रोज छापावेत, आणि हंगाम सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी 'स्प्रे सुरू करण्याबाबत डॉक्टरांना विचारा' एवढी सूचना त्याच रकान्यात द्यावी. त्यासाठी जागा दोन ओळींची लागेल. आपण याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

आपली,
एक नियमित वाचक