केशवराव भोसले नाट्यगृहाला देखभाल निधी हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ चे हे 'पॅलेस थिएटर'. पुनर्बांधणीसाठी सरकारने निधी जाहीर केला आणि भिंती-छपराचा खर्च सरकारनेच करावा हे योग्य. लोकवर्गणी लागते ती फीत कापून झाल्यावर, दुसऱ्या वर्षापासून. निविदेत बांधकाम बसते, पडदे धुणे बसत नाही.

आगीचे कारण काहीही असो, रंगमंचावर सर्वांत झटकन पेट घेते ते कापड. अग्निरोधक पडदे दोन प्रकारचे असतात: धाग्यातच तो गुण असलेले आणि साध्या कापडाला रसायन लावलेले. दुसरे स्वस्त पडतात, पण पाण्याने धुतले की रसायन निघून जाते, आणि हे धोब्याला कोणी सांगत नाही. तपासणी सोपी आहे. दुमडीतून वीतभर पट्टी कापावी, मोकळ्या जागेत, शेजारी पाण्याची बादली ठेवून ती चिमट्यात उभी धरावी आणि खालून बारा सेकंद ज्योत लावावी. ज्योत काढल्यावर पट्टी दोन सेकंदांत विझली नाही किंवा जळते थेंब गळू लागले, तर तो पडदा उतरवावा. विंगा (बाजूचे पडदे), झालर, मागचा पडदा यांची पट्टी वेगवेगळी घ्यावी. दर्शनी पडद्याचीच तपासणी करून सही करण्याची पद्धत मोडली पाहिजे.

धोक्याची दुसरी जागा विजेची. डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) दिवे चालतात तेव्हा तिन्ही फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारांवर, भार सारखा असला तरी न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, मोठा प्रवाह वाहतो. ती तार बारीक असेल तर तापत राहते आणि नुसत्या फेजवर बसवलेला एमसीबी (भार वाढल्यावर वीज आपोआप तोडणारा खटका) पडत नाही. म्हणून न्यूट्रल फेजच्या तारेपेक्षा जाड घ्यावी. सैल जोड थर्मल (उष्णता टिपणाऱ्या) कॅमेऱ्यात दिसतात, पण पॅनेल भर प्रयोगात पाहावे लागते. दुपारी रिकाम्या नाट्यगृहात भारच नसतो, मग अहवाल छान येतो! डिझेलचा अग्निशमन पंप दर आठवड्याला अर्धा तास चालवावा, नाहीतर ऐन वेळी बॅटरी बसलेली निघते.

आता पैशांचे. १००० नागरिकांनी महिना १०० रुपये दिले तर वर्षाला १२ लाख होतात. मोठी देणगी कायम निधीत ठेवावी व फक्त व्याज खर्चावे. एक कोटीवर सात टक्क्यांनी सात लाख मिळतात. त्यासाठी नोंदणीकृत न्यास असावा. न्यास होण्याआधीच पावतीपुस्तक फिरवायचे असेल, तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क ची परवानगी घ्यावी. दोन हजारांवर रोख देणगी घेऊ नये, दात्याला आयकरात सवलत मिळत नाही. परदेशातले कोल्हापूरकर हौसेने पैसे पाठवतील. भारतीय पासपोर्ट असलेल्यांचे चालतील, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालील नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. समाजमाध्यमांवर क्यूआर कोड टाकण्यापूर्वी हे पाहावे.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे महापालिकेशी लेखी करार. वास्तू पालिकेची आहे. न्यास कोणती कामे करणार, कोणती पालिकेकडेच राहणार आणि पालिकेची देखभालीची तरतूद कमी होणार नाही, हे त्यात हवे. तसे नसेल तर आपण १२ लाख दिले की अंदाजपत्रकातले १२ लाख गुपचूप दुसरीकडे जातात.

निधीसाठी प्रयोग करणे ही तर केशवरावांचीच वाट. १९२१ मध्ये बालगंधर्वांसह त्यांनी केलेला संयुक्त 'मानापमान' टिळक स्वराज्य फंडासाठी होता. असे प्रयोग जरूर व्हावेत. फक्त जमा आणि खर्च, दोन्ही आकडे दुसऱ्या दिवशी नाट्यगृहाच्या फलकावर लावावेत. खुर्चीवर दात्याच्या नावाची पट्टी द्यायची असेल तर ती दहा वर्षांपुरतीच द्यावी. तोवर गादीचे कापड विटते आणि नव्या कापडासाठी नवा दाता लागतो.

– रंगमंच व्यवस्थेतील काही कार्यकर्ते, कोल्हापूर