दीक्षाभूमीवरचे आवाज जपायला हवेत

मा. संपादक,
सप्रेम जय भीम.

गेल्या मंगळवारी आईला घेऊन दीक्षाभूमीला गेले होते. अशोक विजयादशमीच्या लाखोंच्या गर्दीत तिला आता नेता येत नाही, म्हणून मुद्दाम आडवार निवडला. बाबासाहेबांनी इथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ला, ती बारा वर्षांची होती. उमरेडकडच्या खेड्यातून आजोबांच्या बैलगाडीत बसून आली होती. पांढऱ्या कापडासाठी आजीने हातातले चांदीचे गोठ मोडले होते.

स्तूपाच्या आत आई बराच वेळ मान वर करून बघत राहिली. सांचीसारखा दिसणारा हा घुमट आतून पोकळ आहे, एकशेवीस फूट व्यासाचा. २००१ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. "तेव्हा इथं नुसतं मैदान होतं," आई म्हणाली. "बाबासाहेब मला दिसलेच नाहीत. बाबांच्या खांद्यावरून पाहिलं तर सगळं पांढरं पांढरं." नंतर बोधिवृक्षाखाली बसून ती घरून आणलेल्या भाकरींबद्दल, लाउडस्पीकरवरच्या त्रिशरणाबद्दल, लहान असूनही मोठ्यांबरोबर म्हटलेल्या बावीस प्रतिज्ञांबद्दल सांगत होती. शेजारी बसलेली कॉलेजची चार मुलं हळूहळू सरकत जवळ आली. भदंत चंद्रमणींनी बाबासाहेबांना दीक्षा दिली, हे त्यांना पाठ होतं. पण त्या रात्री एवढी माणसं झोपली कुठे, हे त्यांनी आईलाच विचारलं. पुस्तकात ते कुठून सापडणार?

त्यानंतर अवघ्या त्रेपन्न दिवसांनी बाबासाहेब गेले. त्या मैदानात उभी राहिलेली बारा-पंधरा वर्षांची पोरं आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी आता रेकॉर्ड करायला हव्यात, तारखा-बिरखा न तपासता, जसं आठवेल तसं, त्यांच्याच बोलीत. विद्यापीठाच्या आंबेडकर विचारधारा विभागातल्या विद्यार्थ्यांनी हे मनावर घ्यावं. वस्त्यांमधल्या विहारांनी आपापल्या म्हाताऱ्या माणसांची नावं काढून द्यावीत. आणि हे आवाज दीक्षाभूमीवर आलेल्या कुणालाही, कोणत्याही साध्या दिवशी, ऐकायला मिळावेत. घरात असं माणूस असेल तर निदान मोबाइल तरी समोर धरा, ही वाचकांना कळकळीची विनंती.

आईच्या बैलगाडीत सात जण होते. आता ती आणि धाकटे मामा, दोघंच उरलेत.

– एक वाचक, नागपूर