जास्त मतं घेऊन माणूस पडतो कसा?

मॅडिसन, विस्कॉन्सिन

ती. अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "जास्त मतं घेऊन माणूस पडतो कसा?" मी सांगायला लागले आणि लाइन गेली. आठवडाभर तुमचा प्रश्न डोक्यात आहे, म्हणून लिहूनच काढते. आईलाही वाचून दाखवा.

इथे अमेरिकेत मतपत्रिकेवर नाव राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं असतं, पण मत पडतं त्याच्या पक्षाने त्या राज्यात नेमलेल्या निर्वाचकांना. असे देशभरात ५३८ निर्वाचक, त्यांचं मिळून निर्वाचक मंडळ. ज्याच्याकडे २७० झाले, तो राष्ट्राध्यक्ष. राज्याचे प्रतिनिधीगृहात, म्हणजे इथल्या लोकसभेत, जितके सदस्य, तितके निर्वाचक, आणि वर सिनेटचे, म्हणजे दुसऱ्या सभागृहाचे, दोन. हे वरचे दोन लहानमोठ्या सगळ्या राज्यांना सारखेच. त्यामुळे पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला ३ आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला ५४. भागाकार तुम्ही वाचता वाचताच केला असेल: तिकडे एक लाख ९२ हजार माणसांमागे एक निर्वाचक, इकडे सव्वासात लाखांहून जास्त माणसांमागे एक.

पण मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे नाही. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर बाकी सगळीकडे जो एका मताने पुढे, त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक. हरलेल्याची मतं तिथेच संपली. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात २८ लाखांहून जास्त मतं अधिक होती, तरी त्या हरल्या. २००० मध्ये अल गोर पाच लाखांवर मतांनी पुढे होते, पण फ्लोरिडात ५३७ मतांनी मागे पडले, सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली आणि निकाल लागला. २०२४ ला आपल्याकडे मुंबई वायव्यची जागा ४८ मतांनी गेली तेव्हा तुम्ही दोन दिवस तेच बोलत होतात. पण ती ५४३ मधली एक जागा होती. इथे ५३७ मतांवर अख्ख्या देशाचा प्रमुख ठरला.

तुम्हाला आठवत असेल, नागरिक झाल्यावर माझं पहिलं मतदान २०१६ चं, कॅलिफोर्नियात. आंघोळ करून, नवा कुडता घालून गेले होते. त्या सबंध मोसमात राष्ट्राध्यक्षपदासाठी मत मागायला आमच्या दाराशी कुणीही आलं नाही. तिथला निकाल आधीच ठरल्यासारखा होता. मग आम्ही विस्कॉन्सिनला आलो. इथे १० निर्वाचक, आणि २०१६, २०२०, २०२४ या तिन्ही वेळा निकालातला फरक तीस हजारांच्या आत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पत्रपेटी उघडली की पत्रकांचा गठ्ठा, आणि शनिवार-रविवार दारावर थाप. एका संध्याकाळी एक कॉलेजातली मुलगी आली. बोटं गारठून लाल झाली होती, हातातल्या पाटीवरचा कागद उलटता येत नव्हता. तिला आत घेतलं, आल्याचा चहा दिला. दोन्ही हातांत कप धरून ती म्हणाली, मी शिकागोहून गाडी चालवत येते, कारण आमच्या इलिनॉयमध्ये माझ्या मताने काही बदलत नाही. अण्णा, ती गेल्यावर मी बराच वेळ दारातच उभी होते. मी तीच बाई, माझं मत तेच. फक्त घर बदललं आणि माझी किंमत वाढली. आणि त्या मुलीला स्वतःचं मत बाजूला ठेवून माझ्या मतासाठी अडीच तास यावं लागलं.

हे एका, म्हणजे क्लिंटन आणि गोर यांच्या, पक्षाचं गाऱ्हाणं समजू नका. २०२० मध्ये ट्रम्प यांना सगळ्यात जास्त मतं कोणत्या राज्यात पडली, सांगा बरं? टेक्सासमध्ये नाही, कॅलिफोर्नियात. साठ लाख! त्यातून निर्वाचक मिळाला शून्य. टेक्सासमधल्या बायडन यांच्या बावन्न लाख मतदारांचंही तेच झालं. त्याच वर्षी बायडन देशभरात सत्तर लाखांनी पुढे होते, पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन मिळून त्यांची आघाडी जेमतेम ४३ हजारांची. ती तीन राज्यं गेली असती तर २६९-२६९ अशी बरोबरी. मग निवड प्रतिनिधीगृहाकडे, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. वायोमिंगला एक, कॅलिफोर्नियालाही एक.

आमच्या शेजारच्या आजोबांची पूर्वी दुधाची गुरं होती. ते मला म्हणाले, हे निर्वाचक मंडळ काढलं तर उमेदवार शहरांतच फिरतील, खेड्याला कोण विचारणार? माणूस कळकळीने बोलत होता, म्हणून मीही घरी येऊन आकडे काढले. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागो या तिन्ही शहरांची वस्ती एकत्र केली तरी देशाच्या पाच टक्के होत नाही. आणि आज तरी वायोमिंगच्या खेड्यात कोण जातं? त्यांची दुसरी शंका मात्र मला खोडता आली नाही. देशभराची मतं एकत्र मोजायची आणि फरक थोडा निघाला, तर फेरमोजणी पन्नास राज्यांत करावी लागेल, आणि इथे प्रत्येक राज्याचे मतदानाचे नियम वेगळे. आपल्यासारखा सगळ्या देशाचा एक निवडणूक आयोग इथे नाही. ते काम आधी करावं लागेल, हे मला पटलं.

या गावाला ज्या जेम्स मॅडिसनचं नाव दिलंय, त्या पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाने १७८७ मध्ये फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत स्वतःच म्हटलं होतं की लोकांनी थेट निवडणं सगळ्यात योग्य. पण अडचण त्यानेच सांगितली: दक्षिणेत गुलाम पुष्कळ, त्यांना मत नाही, मग थेट निवडणुकीत दक्षिणेचं वजन पडणार नाही. निर्वाचकांच्या हिशोबात मात्र पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली गेली. मत द्यायचा हक्क नाही, पण मालकाच्या राज्याचं वजन वाढवायला त्यांची डोकी मोजली. पहिल्या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षं राष्ट्राध्यक्ष दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचे होते. मॅडिसनच्या नावाच्या गावात राहून हे वाचताना पोटात कालवतं.

आपल्याकडे राष्ट्रपती निवडतानाही मतांना वजन असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. महाराष्ट्राच्या आमदाराचं मत १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७. लोकसंख्या १९७१ ची धरतात, ते मला खटकतंच, पण निदान वजन माणसांवरून ठरवायचा प्रयत्न आहे. शिवाय आपले राष्ट्रपती सरकार चालवत नाहीत. इथला चालवतो.

बदलायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १९६९ मध्ये थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात प्रचंड बहुमताने मंजूर झाली. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये चर्चा लांबवून ती अडवली. आता काही राज्यांनी आपसात करार केलाय: देशात ज्याला जास्त मतं, त्यालाच आम्ही आमचे निर्वाचक देऊ. करारातल्या राज्यांचे मिळून २७० झाले की तो लागू होणार. दोनशेच्या वर झालेत. विस्कॉन्सिन त्यात नाही. मी आमच्या आमदारबाईंना दोनदा पत्र लिहिलंय, तिसरं लिहिणार आहे.

एक सांगायचं राहिलं. मी इथे मतदान केंद्रावर काम करायला नाव दिलंय. प्रशिक्षणात सांगितलं, रात्री आठला दार बंद करायच्या वेळी रांगेच्या शेवटी आपला एक माणूस उभा करायचा. त्याच्या पुढे जितके असतील, त्या सगळ्यांचं मत घ्यायचं, कितीही वाजोत. मला पाटणच्या डोंगरातली तुमची निवडणूक ड्यूटी आठवली. वेळ संपली की शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटत पुढे यायचं, म्हणजे मागून कुणी घुसत नाही आणि आत आलेला कुणी राहत नाही. एकदा तुम्ही पहाटे मशीनच्या पेट्या जमा करून आलात आणि आईने विचारलं तर म्हणालात, शेवटची म्हातारी नऊला आली मशीनपाशी. त्या चिठ्ठ्यांवर तुम्ही सही करायचात ना? पुढच्या फोनवर नीट सांगा.

आईच्या गुडघ्याला तेल चोळता ना रोज?

तुमची,
माई