उसवलेल्या टाक्यांबद्दल

अंबाजोगाई

चि. मुक्तास आईचा आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, शर्टांच्या वाकळेच्या खालच्या कडेला बारीक भोकांचे चौकोन दिसतात, तिथं काही होतं का, आणि प्रदर्शनात लावायच्या आधी त्यावरून धावदोरा घालून देऊ का. घालू नकोस. फोनवर सांगता आलं नाही, घरात पाहुणे होते. म्हणून लिहिते.

ती वाकळ २०१९ ची. शर्ट ऊसतोडीच्या बायकांचे, म्हणजे मूळचे त्यांच्या नवऱ्यांचे. पाचटीनं हात कापतात म्हणून बायका साडीवर फुल बाह्यांचा जुना शर्ट चढवतात. त्यातल्या डाव्या बाह्या बघ. सगळ्या कोपरापासून मनगटापर्यंत चिरलेल्या आहेत, उजव्या त्या मानानं धड. ऊस डाव्या हातानं धरायचा, कोयता उजव्या हातात. मी एकाही बाहीला ठिगळ लावलं नाही, चिरा तशाच ठेवून कडेनं टाके घातले. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात हे तुला माहीतच आहे. उचल नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची मात्र दोघांनी.

त्या वर्षी ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण पेपरात गाजत होतं. सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. फडावर ना पाणी ना आडोसा, पाळीत अंग दुखलं तरी खाडा करायची सोय नाही, खाडा पडला की पैसे कापणार. त्यात कुणी डॉक्टर सांगतो की पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. बाई तिशीतच मोकळी होते आणि पुढची वीस वर्षं कंबर धरून चालते.

मला वाटलं, आपल्याला काहीतरी सुचलं. त्यांच्याच पोलक्यांच्या कापडाच्या छोट्या पिशव्या शिवल्या, चंचीएवढ्या, तोंड उघडं, आत काही नाही. खालच्या कडेला ओळीनं लावल्या. मोठ्या हौसेनं वाकळ तांड्यावर घेऊन गेले. बायका जमल्या, हसल्या, आपापले शर्ट ओळखले. एकीनं पिशवीत दोन बोटं घातली. बाहेर काढली. मग माझा हात धरून कोपीच्या मागं नेलं आणि म्हणाली, “ताई, शर्ट ऱ्हाऊ द्या. हे तेवढं उसवा. माझ्या पोरीची सोयरीक चाललीय.”

मी तिला समजवायला लागले, खोटं कशाला सांगू. नाव कुठंच नाही, कुणाला कळणार नाही, ही लाज तुमची नाही, असलं बरंच बोलले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “पोलकं माझं हाय, सासू वळखंल.”

तिथंच बसून मी उसवायला घेतलं. कात्री तिच्याकडचीच, गंजकी. सगळ्या पिशव्या काढेपर्यंत दिवेलागण झाली. सुईची भोकं तेवढी राहिली, जाड दाभण वापरलं होतं ना. पिशव्या तिनं चुलीत टाकल्या. तेव्हा मला राग आला होता, तिचा नाही, स्वतःच्या कामाचा. महिनाभर सुई हातात धरली नाही.

तू मागे चिलीच्या बायकांचं दाखवलं होतंस. १९७३ नंतर लष्करानं उचलून नेलेल्या आपल्या माणसांच्या कपड्यांचे तुकडे गोणपाटावर शिवून त्यांनी चित्रं केली. ते बघून मला रात्री झोप लागली नाही. पण त्या आपल्या घरचं कापड शिवत होत्या. मी चाळीस वर्षं बहुतेक दुसऱ्याच्या घरचं शिवत आले.

किल्लारीलाही माझ्या हातून हेच झालं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपलेली. मदतीच्या ट्रकांतून कपड्यांचे ढीग आले, त्यातलं निम्मं कुणाच्या कामाचं नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये बायकांना बसवून मी त्याच्या वाकळा शिवून घेत होते. एक पिवळं झबलं ढिगातलं समजून मीच कापलं. ते ढिगातलं नव्हतं, वाळत घातलेलं खाली पडलं होतं. त्याची आई समोरच बसून टाके घालत होती. ती बोलली नाही, पण तिची सुई थांबली. ती वाकळ तिलाच दिली. त्यानंतर तिच्यासमोर जायची माझी हिंमत झाली नाही.

कार्डावर ‘टेक्स्टाइल आर्टिस्ट’ लिहायचं तर लिही, माझी हरकत नाही, पण भोकांची गोष्ट लिहू नकोस. कुणी विचारलंच तर ‘इथं काही होतं, ते काढलं’ एवढंच सांग. (त्या पोरीचं लग्न झालं. मला पत्रिका आली होती.)

आता आजीची जळकी वाकळ. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला आणि पुढच्या दिवसांत गावोगाव आपल्या वस्त्या पेटल्या. आपलं घर गेलं. ही वाकळ बाभळीवर वाळत होती म्हणून वाचली, एक कड तेवढी होरपळली. मी दहा वर्षांची होते. सुई पहिल्यांदा धरली ती या कडेवर. तुझ्या बाईंना ती हवी आहे म्हणालीस. माझ्या एकटीची नाही, म्हणून काल आजीला विचारलं. तिनं आधी अहमदाबाद किती लांब ते विचारलं, मग काचेत ठेवणार का ते विचारलं. नेऊ दे म्हणाली, पण थंडीच्या आत परत आणायला सांग, मला पांघरायला लागते.

मामा शुक्रवारी निघेल, त्याच्याकडे देते. घडी घालताना जळकी कड बाहेर ठेव, दुमडली तर तुटेल.

तुझी,
आई