अंकल, स्वर सोडायला शिकवलंत

प्रिय अंकल,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं अंकल. माझगावच्या माथारपाखाडीत तुम्हाला ओळखणारे ओळखतील.

गेल्या महिन्यात ते रेकॉर्डिंग बाहेर आलं. वादकांच्या यादीत ‘बेस गिटार’ आणि त्यापुढे माझं नाव. आईला मोबाइलवर दाखवलं, तर तिचा पहिला प्रश्न, “अंकलना कळवलंस?” तुम्हाला फोन केला. तुम्ही दोनदा “छान” म्हणालात आणि लगेच विचारलंत, पैसे हातात आले का. मला जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं. समोर बसून तुम्ही मला ते बोलू देणार नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

2012 चा गणपती आठवतो? आमच्या लालबागच्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा होता आणि बेसवाला आलाच नाही. मी सतरा वर्षांची, दोन गाण्यांना गिटार आणि बाकीच्यांना कोरस एवढंच माझं काम. कार्यक्रमाला वीस मिनिटं उरलेली असताना कोणीतरी बेस माझ्या गळ्यात अडकवला. म्हणे, गिटारच्याच जाड चार तारा आहेत, ई, ए, डी, जी, फक्त एक सप्तक खाली. ते खरंच होतं. पण गिटारची तार साधारण पंचवीस इंचांची आणि बेसची चौतीस, हे माझ्या डाव्या हाताला पहिल्याच गाण्यात कळलं. लावणीपर्यंत मनगट भरून आलं. तिसऱ्या गाण्यानंतर मी कोणाकडे बघितलंच नाही.

तो बेस तुमचा होता. न आलेल्या मुलाला तुम्ही तो वापरायला दिला होता आणि परत न्यायला आला होतात. स्पीकरच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर तुम्ही सगळा कार्यक्रम बसून ऐकलात. मी बेस पुसून तुमच्या हातात दिला आणि रडण्याच्या बेतात होते. तुम्ही म्हणालात, “स्वर बरोबर लागत होते पोरी. तू ते सोडत नव्हतीस. रविवारी ये.”

मी आले. कॉटन ग्रीनहून दोन स्टेशनं, डॉकयार्ड रोडला उतरून चालत. तुमच्या घराचा लाकडी जिना, वर व्हरांडा, व्हरांड्यात दोन स्टूल. पहिल्या रविवारी तुम्ही मला गाणं शिकवलंच नाही. ई तारेवर तिसरा फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी), एकच स्वर, मिनिटाला साठ ठोके, अख्खा तास. स्वर समेवर सुरू व्हायलाच हवा, त्यात काही विशेष नाही, असं तुमचं म्हणणं. तो कुठे संपतो ते ऐक, म्हणालात. पुढच्या ठोक्याआधी? ठोक्यावर? की अर्ध्यावर? तुम्ही माझं पहिलं बोट धरून दाखवलंत की दाब काढायचा, पण बोट तारेवरून उचलायचं नाही. नुसतं टेकवून ठेवायचं, म्हणजे तार गप्प होते. तीच चार मात्रांची ओळ. मी स्वर लांबवला की ती बसल्यासारखी वाटायची, थोडा आधी सोडला की चालायला लागायची. ढोलकीवाल्याचा हात मोकळा होतो तो त्या सोडलेल्या जागेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

मनगटाचं दुखणंही तुम्हीच घालवलंत. गिटारवाल्यासारखी चारही बोटं चार फ्रेटवर ताणत होते मी. तुम्ही तरुणपणी उभा डबल बेस वाजवलेला, त्याची बोटांची रीत दिलीत: खालच्या फ्रेटवर पहिलं बोट, मधलं बोट, आणि तिसरं-चौथं एकत्र मिळून एक. अंगठा नेकच्या मागे नुसता टेकलेला, आवळायचा नाही. पट्टा दोन इंच वर. डॉक्टरांनी मला महिनाभर वादन बंद करायला सांगितलं होतं. त्या रीतीने वाजवल्यावर तीन आठवड्यांत दुखणं थांबलं.

दादा 1 फेब्रुवारी 2008 ला बांद्रा-कुर्ला संकुलात आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड ऐकून आला होता. तेव्हापासून आमच्या खोलीत त्यांचा बेसवाला स्टीव्ह हॅरिस याचं पोस्टर. मला त्याची ती घोड्याच्या टापांसारखी धाव हवी होती, आणि जॅझवाल्या जॅको पास्टोरियसचा फ्रेट काढून टाकलेला बेस तर हवाच होता. तुम्ही दोन्ही नाकारलं नाहीत. एवढंच सांगितलंत की हॅरिस ती धाव बोटांनी वाजवतो, पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने, नाही, आणि त्याच्या बेसवर फ्लॅटवाउंड तारा असतात, चपट्या पट्टीच्या, गुळगुळीत. मग कपाटातून जेम्स जेमर्सनची कॅसेट काढलीत.

जेमर्सन मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक, डेट्रॉइटचा, हे मला तुमच्याकडून कळलं. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, तिला लोक हुक म्हणायचे. त्याच फ्लॅटवाउंड तारा, तुटेपर्यंत न बदललेल्या. तारांखाली स्पंजचा तुकडा. तोही आधी डबल बेसच वाजवायचा. साठीच्या दशकातल्या मोटाउनच्या कितीतरी गाण्यांत त्याचा बेस आहे, आणि वर्षानुवर्षं एकाही तबकडीवर त्याचं नाव नव्हतं. नाव आलं 1971 मध्ये, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. 1983 मध्ये तो गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं 2000 साली.

त्याच 1971 मध्ये इथे मुंबईत ‘दम मारो दम’ आलं. त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची. गायक म्हणून त्यांना सगळा देश ओळखतो, गिटारबद्दल विचारलं तर कितीजण सांगतील? पंचमदांकडे, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्याकडे, बेसवर टोनी वाझ होते, ऱ्हिदम गिटारवर भानू गुप्ता. ही नावं तुम्ही घरच्या माणसांसारखी घ्यायचात. तबकडीच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक. वादक बहुधा कुठेच नाहीत. तुमचं स्वतःचं तर नाहीच. ताडदेव, महालक्ष्मी, बांद्रा, तीस वर्षं स्टुडिओ केलेत. नंतर सिंथेसायझर आला, कीबोर्डवाल्याचा डावा हात बेस वाजवू लागला आणि बोलावणी कमी झाली. हे सांगताना तुमच्या आवाजात मला कधी कडवटपणा दिसला नाही. तरी मला ते बोचतं, आणि आज ते लिहिते आहे.

एका ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापकाने मला फोनवर सांगितलं होतं की मुलगी बेसवर बरी दिसत नाही, हवं तर कोरसमध्ये उभी राहा. त्या रविवारी मी बेस उघडलाच नाही. तुम्ही चहा केलात आणि कॅरल केची गोष्ट सांगितलीत. लॉस एंजेलिसची गिटारवादक. 1963 मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही, म्हणून तिच्या हातात बेस दिला. पुढे ती अमेरिकेतल्या सर्वांत जास्त रेकॉर्डिंगं करणाऱ्या बेसवादकांपैकी एक झाली. पिकने वाजवायची, तारांवर फेल्टची पट्टी ठेवून, म्हणून तिचा प्रत्येक स्वर ठक्क उमटतो आणि तिथेच थांबतो. “बेसवाला आला नाही,” तुम्ही परत म्हणालात आणि माझ्याकडे बघितलंत. अंकल, त्या दिवशी मी घरी जाताना पूर्ण रस्ता चालत गेले.

त्यानंतर मोहिनी डेचे व्हिडिओ तुम्हीच पाठवायला लागलात. आपल्या मुंबईची, माझ्यापेक्षा वर्षाने लहान, वडिलांकडे बेस शिकलेली, झाकिर हुसेन आणि रहमानसोबत वाजवलेली. तिचा वेग बघून मी घाबरून गेले, तेव्हा तुम्ही म्हणालात, वेग राहू दे, ती दोन स्वरांच्या मधे काय करते ते बघ. आणि दुसऱ्या दिवशी फ्रेडी ग्रीन पाठवलात. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये 1937 पासून मरेपर्यंत, पन्नास वर्षं, साधी ॲम्प्लिफायरशिवायची गिटार घेऊन नुसता ठेका धरलेला माणूस. सोलो जवळजवळ नाहीतच. त्याला ऐकताना मला कळलं की तुम्ही मला कोणत्या घराण्यात बसवत होतात.

मला घराणं हाच शब्द सुचतो. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहॅम आईसोबत वाजवायचा, ड्रमवाला गेला, म्हणून त्याने अंगठ्याने तार आपटून ड्रमची जागा भरली आणि त्यातून स्लॅप ही बेसची शैली आली. ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याच्या बोटांची टोकं कारखान्यात तुटली, त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं केली, तारा सैल केल्या, आणि त्यातून तो जड आवाज आला. ही उदाहरणं तुम्ही दिलीत तेव्हा माझं मनगट दुखत होतं. प्रत्येकाचा हात जसा, तशी त्याची शैली, हे तुम्ही कधी शब्दांत सांगितलं नाहीत. माझा हात लहान आहे, हे मात्र तुम्ही पहिल्या दिवशीच बघितलंत आणि सगळी रीत त्याप्रमाणे बसवलीत.

फी तुम्ही घेतली नाहीत. आई नारळाच्या करंज्या पाठवायची, डबा परत यायचा तो तुमच्या घरच्या बॉटल मसाल्याने भरलेला. आमच्याकडे कोलंबीला आता तोच मसाला लागतो. आणि 2014 मध्ये मी पहिल्या मोठ्या कार्यक्रमाला गेले, तेव्हा तुम्ही दीनानाथ नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उभं राहून व्यवस्थापकाला स्वच्छ मराठीत विचारलंत की या मुलीचं पाकीट बाकीच्या वादकांएवढंच आहे ना. त्याने माझ्यादेखत त्यात आणखी नोटा घातल्या. माझं मला विचारायला जमलं नसतं. आता जमतं, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन मुलींसाठीही मी विचारते.

तुमच्या बोटांना संधिवात झाल्यापासून तुमचा बेस माझ्याकडे आहे. तारांखाली तुम्ही भांडी घासायच्या स्पंजमधून कापून बसवलेला पिवळा तुकडा होता, तो मी अजून काढलेला नाही. कडा चुरगळली आहे, पण आवाज धरतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी साउंड इंजिनिअरने विचारलं, हे काय आहे, काढू का? मी नको म्हटलं. एक टेक झाल्यावर त्याने पुन्हा विचारलं नाही.

या रविवारी येते आहे. करंज्या आहेतच, आणि हेडफोन घेऊन येईन. तिसऱ्या कडव्यात गायिका श्वास घेते तिथे मी स्वर अर्धी मात्रा आधी सोडला आहे. निर्मात्याला आवडलं, मला अजून खात्री नाही. तुम्ही ऐका आणि सांगा.

तुमची,
लालबागची पोरगी