सर, त्या चार संध्याकाळींबद्दल

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

हे तोंडावर सांगायला आलो असतो तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

लेक अकरावीला. एका रात्री तिनं विचारलं, "बाबा, कृष्णविवराच्या आत काय असतं?" मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. तिला घेऊन थेट तुमच्या दारात आलो.

मी म्हणालो होतो, "हळद साठवायच्या आपल्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवासारखंच असेल की, अरुंद तोंड आणि आत अंधार." तुम्ही ते उदाहरण झटकलं नाहीत. पेव उघडलं की माणूस उतरायच्या आधी पेटता कंदील आत सोडायचे. विझला तर उतरायचं नाही. तुम्ही म्हणालात, "कंदील इथंही सोडाल, पण तो विझला की पेटताच आहे ते वर कधीच कळणार नाही. घटना क्षितिज म्हणजे कृष्णविवराची हद्द, तिच्या आतून उजेड बाहेर येत नाही." आणि मग, "पेवाचा तळ खाली असतो. कृष्णविवराचा तळ पुढं असतो, उद्यासारखा. उद्या चुकवता येतो का?" आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचं, तरी क्षितिजाच्या आत पडणाऱ्याच्या हाती तळापर्यंत फार तर मिनिटभर. त्या मिनिटापाशी लेक कितीतरी वेळ गप्प बसली होती.

मला भिडला तो भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा हिशेब. १९७४ साली त्यांनी दाखवलं, की कृष्णविवर अगदी मंद उष्णता बाहेर टाकत आटत जातं. त्या उष्णतेत आत काय पडलं याचा मागमूस नाही. अणूहून बारीक जगाचे नियम सांगणारा क्वांटम सिद्धांत म्हणतो, नोंद पुसली जात नाही. म्हणजे आवकेची पावती आहे आणि जावकेचं पान कोरं! असला ताळेबंद मला झोपू देत नाही, सर. त्यात भौतिकशास्त्रज्ञ बेकेन्स्टाइन यांचं म्हणणं: पेवात किती हळद मावेल ते आतल्या पोकळीवर ठरतं, पण कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे आत किती नोंद दडली आहे त्याचं माप, क्षितिजाच्या क्षेत्रफळावर.

चौथ्या संध्याकाळी तुम्ही शिरपूरला जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकरांपर्यंत आणलंत. आइन्स्टाइनच्या समीकरणांत तळाशी अवकाश-काळाची वक्रता, म्हणजे त्याचा बाक, अनंत होते, म्हणजे समीकरण तिथं थकतं. अष्टेकरांच्या मांडणीत अवकाश हवं तितकं बारीक चिरता येत नाही. त्यांनी २०१८ मध्ये ओल्मेडो आणि परमप्रीत सिंग यांच्यासह काढलेल्या गणितात वक्रता एका मर्यादेला थांबते आणि पलीकडे श्वेतविवरासारखा, म्हणजे कृष्णविवराच्या उलट, जिथून फक्त बाहेरच पडता येतं असा प्रदेश लागतो. काळ तिथं संपत नाही.

लेक भराभर उतरवून घेत होती. तुम्ही तिच्या हातातलं पेन काढून पेन्सिल दिलीत. "हे मला फार आवडतं, पण अजून कुणी तपासलेलं नाही. इथून पुढचं पेन्सिलीनं."

ती वही रोज माझ्यासमोर असते. क्षितिजापर्यंतची पानं निळी, आतली करडी. इतक्या सरळपणानं मला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं. त्या पेन्सिलीबद्दल मनापासून आभार, सर.

रविवारी येतोय. तिचा पुढचा प्रश्न: क्षितिज ओलांडताना काही जाणवत नाही म्हणता, मग २०१२ पासून तिथं आगीची भिंत असेल असं काहीजण का म्हणतात? काकूंसाठी नवी हळद आणतो.

तुमचा,
एक हिशेबनीस आणि त्याची लेक