सुरक्षा तपासणी रात्रपाळीतही व्हावी

महोदय,

समुद्रातील तेल प्लॅटफॉर्मवर मी 22 वर्षे फिटर होतो. नवे तेलक्षेत्र उभे राहत असते तो काळ माझ्या मते सर्वांत धोक्याचा. एका डेकवर ड्रिलिंग, खाली वेल्डिंग, डोक्यावर क्रेनला लटकलेले पाइप, आणि शेजारच्या विहिरीतून उत्पादनही सुरू झालेले! तपासनीस मात्र आधी कळवून, दिवसा येत. फायली पाहून संध्याकाळच्या आत हेलिकॉप्टरने परत जात.

6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर आल्फा’ या तेल प्लॅटफॉर्मवर दुरुस्तीसाठी एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला होता. तसे परमिटही (कामाचा लेखी परवाना) होते, पण ते रात्रपाळीपर्यंत पोचले नाही. त्या पाळीने पंप सुरू केला, गळती होऊन स्फोट झाला, आग भडकली. 167 माणसे गेली. आग विझवणारे पंपही आपोआप सुरू होणार नाहीत, असे ठेवलेले होते. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने 106 शिफारशी केल्या. धोके कसे आवरणार हे कंपनीनेच नियामकाला पटवून द्यावे, ही त्यांतली मोठी.

पण ते पटवणे कागदावरच राहिले तर? एकदा एका तपासनीसाने फाइल मिटून माझ्या शेजारच्या कंत्राटी कामगाराला विचारले, “आता गॅसचा अलार्म वाजला तर तुझी लाइफबोट कोणती?” त्याला सांगता आले नाही. प्लॅटफॉर्मवर येऊन त्याला 9 दिवस झाले होते. असे प्रश्न पाळी बदलताना, न कळवता येऊन विचारा, एवढीच नियामकांना विनंती.

— एक निवृत्त फिटर